या आठवड्याचा विषय : पिवळा

‘या आठवड्याचा विषय : पिवळा. प्रत्येकी एकच फोटो. जुना चालणार नाही. रविवारी रात्री नऊपर्यंत पाठवा.’ हौशी छायाचित्रकारांच्या एखाद्या गटात असा निरोप आला, की दादर-परळकडच्या निम्म्या मंडळींची पावले आपोआप दादर पश्चिमेच्या फूलबाजाराकडे वळतात. तुळशी पाईप रोडला भल्या पहाटेच टेम्पो लागलेले असतात. पुलाखाली, फुटपाथवर, मीनाताई ठाकरे फूल मंडईत झेंडूच्या गोणी रिकाम्या होत असतात. पिवळ्याला तिथे तोटा नाही. आणि तरीही पहिल्या अर्ध्या तासातले फोटो घरी येऊन मोठे करून पाहिले, तर झेंडूच्या पाकळ्या दिसतच नाहीत. दिसतो तो केशरी-पिवळा सपाट गोळा.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातल्या किंवा मोबाइलमधल्या सेन्सरवर रंगीत गाळण्यांची बारीक जाळी असते. दर चार चौकटींपैकी साधारणपणे दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी. झेंडूचे फूल लाल प्रकाश भरभरून परत पाठवते, हिरवा बऱ्यापैकी, निळा जवळजवळ नाहीच. कॅमेरा एकूण उजेडाची सरासरी काढतो आणि त्याला सगळे ठीक वाटते. पण लाल चौकटी तोवर काठोकाठ भरून गेलेल्या असतात. भरलेल्या चौकटीला त्यापुढचा फरक कळत नाही. पाकळीचा उजळ भाग आणि तिची घडी दोन्ही सारखेच नोंदले जातात आणि फूल सपाट होते. त्यावरचा उपाय सोपा आहे. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉपने खाली आणायचे. मोबाइल असेल तर फुलावर बोट टेकवून सूर्याची खूण खाली ओढायची. फोटो स्क्रीनवर जरा काळोखा वाटेल, वाटू द्यावा. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम दिसत असेल तर लाल डोंगर उजव्या भिंतीला आपटत नाही ना, एवढे बघायचे.

दुसरी गोम व्हाइट बॅलन्सची. उजाडण्यापूर्वी बाजारात काही गाळ्यांवर पिवळे बल्ब, काहींवर पांढरे एलईडी. ‘ऑटो’वर ठेवलेला कॅमेरा पिवळसर उजेडाला दोष समजून तो धुऊन काढायला जातो आणि त्याबरोबर शेवंतीचा पिवळाही फिका पडतो. विषयच पिवळा असताना हे काम यंत्रावर सोडू नये. प्रकाशाच्या रंगतापमानाचा आकडा हाताने ठरवावा.

हे सगळे एरवी कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळते. पण वाचलेले डोक्यात राहते आणि अशा आठवड्यात चुकून शिकलेले बोटांत उतरते. मैत्रीतल्या विषयवार फोटो चॅलेंजची खरी किंमत इथे आहे. शिवाय रविवारी रात्री सगळे फोटो एकत्र आले, की आणखी एक गोष्ट घडते. दहाजणांपैकी सहाजणांनी झेंडू आणलेला असतो. एकीने परळ स्थानकातल्या फलाटाच्या कडेची पिवळी पट्टी आणि तिच्यावर रांगेत थबकलेल्या चपला टिपलेल्या असतात. एकाने लालबागच्या मसाला बाजारात हळद दळणाऱ्याच्या भुवया. एखादा टॅक्सीचे पिवळे टप शोधत हिंडलेला असतो. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, काळी-पिवळी मात्र दुसऱ्या गाड्यांच्या रूपात अजून धावते. झेंडूवाले हे फोटो पाहून गप्प होतात आणि पुढच्या आठवड्यात वेगळे बघू लागतात. पिवळ्याचा शोध फुलांपाशी संपत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

छायाचित्रांच्या रीतसर स्पर्धांना सलॉन म्हणतात. त्यांची शिस्त वेगळी. परीक्षक गुण देतात, फोटो स्वीकारला जातो किंवा परत येतो, स्वीकृती साठत गेल्या की नावापुढे अक्षरे लागतात. जागतिक पातळीवर हे काम फियाप ही १९५० साली स्थापन झालेली संघटना पाहते. मुंबईत १९३७ पासून असलेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियाने हौशी मंडळींच्या कित्येक पिढ्यांना ही वाट दाखवली. सलॉनमुळे तांत्रिक सफाई येते, यात शंका नाही. पण परीक्षकाला काय आवडते याचा अंदाज घेऊन फोटो काढण्याची सवयही तिथेच लागते. धुक्यातले झाड, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, पाण्यात उडी मारणारी मुले असे हमखास निवडले जाणारे साचे त्यातूनच रुळले. मित्रमंडळींच्या चॅलेंजमध्ये गुण नाहीत, बक्षीस नाही, म्हणून फसण्याची मुभा आहे. ही मुभा फार मोलाची आहे.

मुंबईला या हौसेची परंपराही जुनी आहे. लंडनमध्ये छायाचित्रकारांची संस्था १८५३ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था त्यानंतर, १८५६ च्या. मुंबईच्या संस्थेत लष्करी अधिकारी आणि कंपनी सरकारचे नोकर होते, तसे एतद्देशीयही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. ते नुसते सभासद नव्हते, संस्थेच्या कार्यकारिणीतही होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतल्या पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक ठरले.

त्या काळच्या हौशी माणसाचे कष्ट लक्षात घ्यायला हवेत. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत धुवायची. थर वाळला की काच वाया. मुंबईच्या उन्हाळ्यात हे सारे मोजक्या मिनिटांत उरकावे लागे. अशा वेळी ‘काय दिसेल ते टिपू’ असे कुणी म्हणतच नसे. घरातून निघण्यापूर्वी विषय ठरलेला असे.

या मंडळींनी विषयवार कामही केले. सोसायटीच्या स्थापनेपासून तिच्यात असलेल्या विल्यम जॉन्सनने विल्यम हेंडरसनच्या साथीने १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचे मासिक चालवले. अंकात छापील चित्रे नसत, मूळ छायाचित्रांच्या प्रती चिकटवलेल्या असत. मुंबईतले वेगवेगळ्या जातीजमातींचे आणि धंद्यांचे लोक हा त्यातला मोठा विषय. पुढे १८६३ पासून जॉन्सनने याच कामातून मुंबईतल्या लोकांवरचे ग्रंथ काढले, तेव्हा स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या प्रतिमा वेगळ्या जागी घेतलेल्या देखाव्यांवर बेमालूम बसवल्या. आज कुणी फोटोत आकाश बदलले की गटात वादावादी होते. हा वाद किती जुना आहे, हे तेव्हा आठवावे. माणसांना जातीच्या खणात बसवून दाखवण्याची त्या ग्रंथांची नजर वसाहतकाळाची होती, हेही सांगायला हवे. विषय ठरवणारा काय बघायचे ते ठरवतोच; कुणाकडे कसे बघायचे तेही त्याच्याबरोबर ठरत जाते.

एका विषयाला चिकटून राहण्याचा मुंबईतला सर्वांत सुंदर दाखला दादासाहेब फाळक्यांचा. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही फिल्म पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि मोठ्या चित्रपटाचा मार्ग मोकळा झाला. जागा एक, विषय एक आणि बदलतो तो फक्त काळ. घरातल्या खिडकीतून कुणालाही आज हे करता येईल.

अमेरिकेत १९३५ नंतर फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेसाठी डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स यांच्यासारखे छायाचित्रकार गावोगाव फिरले, तेव्हा त्यांचा प्रमुख रॉय स्ट्रायकर त्यांना विषयांच्या याद्या पाठवत असे : लोक संध्याकाळी कुठे भेटतात, घरात भिंतीवर काय टांगतात. एवढ्या साध्या प्रश्नांतून मंदीच्या काळातल्या अमेरिकेचा दस्तऐवज तयार झाला. मुंबईत चिरोदीप चौधुरी यांनी शहरातल्या सार्वजनिक घड्याळांचा ध्यास घेतला आणि वर्षानुवर्षे त्यांची छायाचित्रे घेतली. सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे असेच चिकाटीने टिपले. दोघेही व्यावसायिक, त्यांची तुलना रविवारच्या खेळाशी करायची नाही. पण विषय एकदा धरला की शहर आपणहून काही देऊ लागते, हा अनुभव हौशी माणसालाही येतो.

विषय निवडण्यातही कसब आहे. ‘निसर्ग’, ‘मुंबई’, ‘आनंद’ असले विषय फसतात, कारण त्यांत काहीही बसते. ‘लाल’, ‘खिडकी’, ‘रेषा’, ‘हात’, ‘पाठमोरे’ हे चांगले. ‘पाठमोरे’ तर गुढीपाडव्याला गिरगावात आवर्जून द्यावा. फडके गणपती मंदिरापासून निघणाऱ्या स्वागतयात्रेत बुलेटवर बसलेल्या, नऊवारी नेसलेल्या, फेटा बांधलेल्या मुलींचा समोरून घेतलेला फोटो दरवर्षी शेकड्यांनी निघतो. पाठीमागून पाहिले तर फेट्याचा सुटलेला शेव, खोपा धरून ठेवणारी चिमटी, लेकीचा शेला सावरत चालणारी आई असे कितीतरी दिसू लागते. समोर कॅमेऱ्यांची भिंत असल्यामुळे मागे जागाही भरपूर मिळते.

‘सावली’ हा विषय मुंबईत कोणत्या महिन्यात दिला, यावर सारे अवलंबून. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच जिरते. हा शून्य सावली दिवस. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साडेबारा उलटून गेलेले असतात, कारण भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या पूर्वेकडच्या रेखांशावर बांधलेली आहे. जुलैचा दिवस बहुधा ढगांत जातो, म्हणून खरी संधी मेमध्येच. उलट डिसेंबरात दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो आणि माणसाची सावली जवळजवळ त्याच्याएवढी पडते. लांब सावल्या हव्या असणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी जावे. तिन्हीसांजेच्या उजेडासाठी दादरची चौपाटी बरी. तिथून पश्चिमेचा समुद्र मोकळा आहे आणि सी-लिंकच्या तारा चौकटीत येतात. गिरगाव चौपाटीवर वर्षातला बराच काळ सूर्य मलबार हिलच्या आड लवकर जातो. सूर्यास्त टिपायला तिथे गेलेल्यांची निराशा होते, पण टेकडीमागून येणारा मऊ उजेड चेहऱ्यांसाठी उत्तम असतो.

‘खिडकी’ म्हटले की सगळे गिरगावातल्या खोताच्या वाडीत जातात. लाकडी नक्षीच्या खिडक्या, बाहेरचे जिने, रंगवलेले कठडे. गल्ली अरुंद असल्यामुळे मोबाइलची वाइड लेन्स लावली जाते, फोन वर झुकतो आणि घरे मागे कलंडल्यासारखी दिसतात. फोन भिंतीशी समांतर, अगदी सरळ धरावा. खाली रस्ता जास्त आला तर नंतर कापून टाकावा. एवढ्याने घर उभे राहते. मात्र ही माणसांची राहती घरे आहेत. दुपारी बाराला एखाद्याच्या पायरीवर चढून त्याच्या बैठकीत लेन्स रोखणे हे कुठल्याच विषयात बसत नाही.

याच कारणासाठी एक विषय परळमध्ये देऊच नये : ‘प्रतीक्षा’. केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर बसलेली माणसे, हातात फायली, शेजारी गाठोडी. कॅमेरा घेऊन निघालेल्याला ती चटकन दिसतात आणि फोटो ‘परिणामकारक’ येतो. पण ती माणसे आयुष्यातल्या सर्वांत कठीण दिवसांत गावापासून दूर उघड्यावर बसलेली आहेत. त्यांना नकार देण्याइतकेही बळ नसते. रविवारच्या खेळासाठी त्यांचा चेहरा वापरू नये. वाट पाहणे टिपायचेच असेल तर बसथांबे आहेत, वडापावच्या गाड्या आहेत, दहावीच्या परीक्षा केंद्राबाहेरचे पालक आहेत, आणि तिथेही आधी नजरेने का होईना, विचारून घ्यावे.

श्रावण लागला की लालबाग-परळमध्ये विषय शोधावा लागत नाही. गणपतीच्या मोठ्या मूर्तींच्या कार्यशाळा जाग्या झालेल्या असतात. दिवंगत मूर्तिकार विजय खातूंची परळची कार्यशाळा त्यांतली एक नामवंत. चतुर्थीच्या आधीच्या शनिवार-रविवारी आगमनाच्या मिरवणुका निघतात. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला तर कॅमेऱ्यांचीच गर्दी उसळते. इथे ‘हात’ हा विषय दिला तर गंमत होते. सगळ्यांच्या लेन्स मूर्तीच्या मुखाकडे असताना एखादा ढोलवाल्याच्या मनगटाकडे वळतो. टिपरू हवेत गोठवायचे तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढे किंवा त्याहून वेगवान लागते. तेच पंधराव्या भागावर आणले की हाताचा पंखा होतो आणि वादकाची मान स्थिर असेल तर चेहरा मात्र नीट उमटतो. ताल दिसतो तो दुसऱ्या फोटोत, पण दहा प्रयत्नांत एखादाच जमतो. गुलाल उधळला जात असताना लेन्स बदलायची नाही. ती पूड लेन्सच्या सांध्यांत आणि मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेत शिरते. ओल्या फडक्याने पुसली तर रंगाचा लेप बसतो. आधी फुंकणी, मग मऊ कोरडा ब्रश. विसर्जनानंतर किनाऱ्याला लागलेल्या भग्न मूर्तींचे फोटो काढण्यावर आणि पसरवण्यावर मुंबई पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत मनाई आदेश काढलेले आहेत. ते पाळावेत, त्यामागची भावनाही समजून घ्यावी.

फोटो जमल्यावर ते पाहण्याची बैठक हा चॅलेंजचा अर्धा भाग, आणि बहुतेक गट तोच गाळतात. अंगठे आणि टाळ्या पाठवल्या की संपले, असे होते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा एखाद्याच्या घरी किंवा इराण्याच्या हॉटेलात बसावे, पोस्टकार्ड आकाराच्या छापील प्रती टेबलावर मांडाव्यात, नावे झाकावीत. प्रत्येकाने दुसऱ्याच्या फोटोत नजर आधी कुठे गेली आणि नंतर कुठे अडली, एवढेच सांगावे. काढणाऱ्याने तोवर बोलू नये. ‘मला असे दाखवायचे होते’ हे वाक्य लवकर आले की बाकीच्यांचे पाहणे थांबते. स्क्रीनवर जो फोटो भारी वाटला तो कागदावर अनेकदा पडतो, आणि साधासा वाटलेला एखादा टेबलावर सगळ्यांना धरून ठेवतो.

हक्कांचेही आधीच बोलून घ्यावे. भारतीय कायद्यात फोटोचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याकडे असतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो त्याच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षे टिकतो. गटात पाठवलेला फोटो मंडळाच्या बॅनरवर किंवा दिवाळी अंकात छापायचा तर विचारून, नावानिशी छापावा.

आणि नोंदी ठेवाव्यात. ‘रेषा’ या विषयासाठी कितीकजणांनी परळ-प्रभादेवीच्या जुन्या एल्फिन्स्टन पुलावरून दोन्ही रेल्वेमार्गांच्या रुळांचे फोटो काढले असतील. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पूल नव्या बांधकामासाठी बंद झाला आणि पाडकाम सुरू झाले. आता तिथून तो देखावा तसा पुन्हा मिळणार नाही. त्यांतल्या ज्या फोटोंवर तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा आणि कॅमेऱ्याची दिशा लिहिलेली आहे, त्यांचा उपयोग शहराचा अभ्यास करणाऱ्याला होईल. मोबाइल तारीख आणि वेळ फाइलमध्ये साठवतो, पण व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवताना ही माहिती गळून पडते. म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, फाइलच्या नावातच ठिकाण आणि तारीख घालावी, आणि वर्षाअखेरीस सगळ्यांच्या फाइली एका हार्ड डिस्कवर व तिच्या एका जादा प्रतीवर उतरवून दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.